वजन उतरले, आता टिकवायचे कसे?

प्रश्न : माझे वय 46. वर्षभरात 11 किलो वजन उतरवले; पण चार महिन्यांत 3 किलो परत आले. मुलाने मोबाइलवर वजनाच्या आणि जेवणाच्या नोंदी ठेवणारे ॲप घालून दिले आहे. त्याचा खरोखर उपयोग होतो का?
– एक वाचक भगिनी, कोल्हापूर

उत्तर : होतो, मात्र नोंद तुम्ही स्वतः करीत राहिलात तरच. वजन घटल्यावर शरीर कमी ऊर्जेत भागवू लागते आणि भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक वाढते. त्यामुळे परत आलेल्या तीन किलोंचा दोष केवळ तुमच्या मनोनिग्रहाला देणे अन्यायाचे ठरेल. सकाळी, काही खाण्यापूर्वी, एकाच काट्यावर वजन करून आकडा ॲपमध्ये भरा. रविवारी तांबडा-पांढरा झाल्यावर सोमवारी काटा किलोभर वर गेला, तर ते बहुधा मिठामुळे साठलेले पाणी असते, म्हणून एका दिवसाच्या आकड्यापेक्षा आठवड्याच्या सरासरीचा आलेख पाहावा. हा आलेख दोन-तीन आठवडे सलग चढत राहिला, तर जेवणाच्या नोंदी पुन्हा सुरू कराव्यात. रंकाळ्याची फेरी मोजणारे घड्याळ असल्यास उत्तम. पण त्यावर दिसणारा खर्च झालेल्या कॅलरींचा आकडा हा निव्वळ अंदाज असतो, त्याच्या भरवशावर मिसळीवर जादा कट मागू नये.