13 जणी भरल्या नाहीत म्हणून स्पर्धेतूनच बाहेर? : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात महिला फुटबॉलवर लिहिलं होतं, त्यावर भरपूर पत्रं आली आणि बहुतेक पत्रं फिरून फिरून कोरोनाच्या काळातल्या मॅचेसवरच येतायत. म्हणून या वेळी सगळे प्रश्न त्याच विषयावरचे घेतलेत.

प्रश्न : 2022 ला महिलांचा एशियन कप आपल्याकडे झाला, मी बालेवाडीजवळच राहते. पण आपली टीम एकच मॅच खेळून गायब झाली. नक्की काय झालं होतं? हरलो का आपण? (एक वाचक, पुणे)

नाही हो, हरलो नाही. हरलो असतो तर एवढं लागलं पण नसतं.

स्पर्धा 20 जानेवारीला सुरू झाली, नवी मुंबईचं डीवाय पाटील, अंधेरीचं मुंबई फुटबॉल अरेना आणि तुमचं बालेवाडी अशा तीन ठिकाणी. त्या दिवसांत ओमिक्रॉनची लाट होती हे आठवत असेल, घरटी कोणी ना कोणी खोकत होतं. आपली पहिली मॅच इराणशी, 0-0 सुटली, आपण चान्स घालवले पण खेळ बरा झाला होता. 23 तारखेला चायनीज तैपेईशी म्हणजे तैवानशी मॅच, आणि ती मॅच झालीच नाही, कारण टीममध्ये इतक्या जणी पॉझिटिव्ह निघाल्या की मैदानात उतरायला 13 खेळाडू पण भरेनात. एएफसीचा म्हणजे आशियाई फुटबॉल संघटनेचा कोरोनासाठीचा खास नियम असा होता की गोलकीपर धरून किमान 13 खेळाडू उभ्या करता आल्या नाहीत तर त्या टीमने स्पर्धेतून माघार घेतली असं धरायचं. लक्षात घ्या, ती एक मॅच गेली असं नाही, अख्खी स्पर्धाच गेली. चीनशी तिसरी मॅच होती ती पण गेली. आणि इराणशी झालेली मॅच सुद्धा रेकॉर्डमधून रद्द केली.

या शेवटच्या गोष्टीचा मला अजून राग आहे. इराणच्या मुली पहिल्यांदाच एशियन कपला आल्या होत्या, यजमान टीमला त्यांच्याच देशात रोखून एक पॉइंट मिळवला होता, त्यांची काय चूक? पुढे त्या चीनकडून 7-0 हरल्या, तैपेईकडून 5-0, म्हणजे त्या स्पर्धेतली त्यांची एकच चांगली मॅच आणि तीच पुसून टाकली.

आता नियम चूक की बरोबर. किमान आकडा असावा याला माझा विरोध नाही, आजारी मुलीला कोणी खेळवू नये, आणि सात-आठच खेळाडू घेऊन कशीबशी मॅच उरकण्यात पण अर्थ नाही. युरोपात यूएफाचा म्हणजे तिथल्या फुटबॉल संघटनेचा पण 13 चाच नियम होता. पण त्याच्या सहा-सात महिने आधी दक्षिण अमेरिकेत काय केलं बघा. 2021 च्या कोपा अमेरिकेत व्हेनेझुएलाचे खेळाडू पहिल्या मॅचच्या तोंडावर पॉझिटिव्ह निघाले, तेव्हा तिथल्या संघटनेने सांगितलं की कोरोनामुळे बाद झालेल्यांच्या जागी हवे तेवढे नवे बोलवा, आणि व्हेनेझुएलाने 15 नवे खेळाडू बोलावले, ब्राझीलशी मॅच खेळले, 3-0 हरले. हरले पण खेळले ना. आपल्या मुली तर आपल्याच देशात होत्या, जवळपास चार-पाच राखीव खेळाडू वेगळ्या बबलमध्ये, म्हणजे बाहेरच्या कोणाशी संपर्क येणार नाही अशा ठिकाणी, ठेवायची सोय आधीपासून केली असती, किंवा मॅच थोडी पुढे ढकलायला वेळापत्रकात जागा ठेवली असती तर ही वेळ आली नसती असं मला मनापासून वाटतं. महामारीत स्पर्धा घ्यायची ठरवलीच तर एखादी टीम आजारी पडणार हे धरूनच ती आखायला हवी.

दोष कोणाचा? कोच थॉमस डेनर्बी स्वीडनचे, ते नंतर जाहीरपणे बोलले की टीम राहत होती त्या हॉटेलच्या स्टाफमधले लोक पॉझिटिव्ह होते आणि बबल सांभाळणाऱ्यांचं चुकलं. भारतीय फुटबॉल फेडरेशनचे तेव्हाचे अध्यक्ष प्रफुल पटेल यांनीही एएफसीवर नाराजी दाखवली. एवढं मात्र खरं की त्या मुली महिनोन्‌महिने घरापासून लांब कॅम्पमध्ये राहून तयारी करत होत्या आणि बबल कसा चालवायचा हे ठरवणं त्यांच्या हातात नव्हतं. या स्पर्धेतून पाच टीम थेट 2023 च्या वर्ल्ड कपला जाणार होत्या, दार खरंच उघडं होतं.

प्रश्न : आफ्रिकेतल्या एका टीमने कोरोनामुळे गोलकीपर नाही म्हणून डिफेंडरला गोलमध्ये उभं केलं असं ऐकलं. आमच्या पेठेत यावरून वाद झालाय, खरं की खोटं? (एक वाचक, कोल्हापूर)

शंभर टक्के खरं, आणि तारीख बघा, 24 जानेवारी 2022, आपली तैपेईशी मॅच रद्द झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी! कोमोरोस नावाचा हिंदी महासागरातला चिमुकला देश, पहिल्यांदाच आफ्रिका कपला आलेला, घानाला 3-2 हरवून बाद फेरीत पोचला. पुढची मॅच यजमान कॅमेरूनशी, याऊंदेला. एक गोलकीपर जखमी, बाकी दोघे कोरोनामुळे बाहेर, त्यातल्या एकाची टेस्ट निगेटिव्ह आली तरी त्याला खेळू दिलं नाही. आणि तिथला नियम आपल्या उलटा, 11 जण उभे राहू शकत असतील तर खेळायचंच, गोलकीपर असो नसो. मग शाकेर अलहादूर हा लेफ्ट बॅक म्हणजे डावीकडचा डिफेंडर गोलमध्ये उभा राहिला, गोलकीपरच्या जर्सीवर टेपने 3 नंबर चिकटवून. त्यात सातव्याच मिनिटाला कॅप्टनला रेड कार्ड, म्हणजे दहा जण. तरी फक्त 2-1 ने हरले, अलहादूरने चांगले सेव्ह केले आणि एमचांगामाने लांबून मारलेली फ्री किक कोल्हापूरच्या पब्लिकने जरूर शोधून बघावी.

पेठेतल्या वादात माझं मत विचाराल तर, त्या पोरांची जिद्द डोक्यावर घ्यावी अशीच आहे पण तो नियम मला पटत नाही. एका खंडात 13 नाहीत म्हणून घरी जा, दुसऱ्या खंडात गोलकीपर नाही तरी खेळ, आणि दोन्हीकडे भरडले खेळाडूच. बदली खेळाडू बोलवायची सोय नीट ठेवली असती तर दोन्हीकडे ही वेळ टळली असती.

त्याच संध्याकाळी त्या स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरीत 8 जणांचा जीव गेला, ते पण विसरता येत नाही.

प्रश्न : एशियन कपमध्ये फक्त आपल्यालाच कोरोना झाला का? (एक वाचक, वसई)

नाही. व्हिएतनामची टीम स्पेनला सरावाला गेली होती, तिथेच बऱ्याच जणी पॉझिटिव्ह आल्या आणि अडकून पडल्या, बाकीच्या इकडे आल्या, मागून एकेक करत बाकी पोचल्या. पहिल्या मॅचला दक्षिण कोरियाकडून 3-0 हरल्या. पण मागे पडलेल्या मुलींना येऊन टीममध्ये मिसळायला वेळ मिळाला, आणि शेवटी प्लेऑफमध्ये थायलंड आणि तैपेईला हरवून व्हिएतनाम पहिल्यांदा वर्ल्ड कपला गेलं, ते पण इथेच खेळून! टीमला थोडे दिवस मिळाले तर काय होऊ शकतं ते यात दिसतं.

प्रश्न : ब्राझील-अर्जेंटिना मॅच मध्येच का थांबवली होती? मेस्सी मैदानात असताना? (एक वाचक, मडगाव)

5 सप्टेंबर 2021, साओ पावलो, वर्ल्ड कप क्वालिफायर. ब्राझीलचा तेव्हा नियम होता की गेल्या 14 दिवसांत ब्रिटनमध्ये असलेल्या परदेशी माणसाने क्वारंटाइन व्हायचं. अर्जेंटिनाचे चार खेळाडू इंग्लंडच्या क्लबांतून आले होते, त्यातले तिघे सुरुवातीच्या टीममध्ये होते, आणि पाच-सहा मिनिटं झाल्यावर आरोग्य खात्याचे अधिकारी थेट मैदानात शिरले. ब्राझीलचे इंग्लंडमधले खेळाडू तर क्लबांनी सोडलेच नव्हते. फिफाने आधी मॅच परत खेळा म्हणून सांगितलं, पण दोन्ही टीम तोवर क्वालिफाय झालेल्या, शेवटी ऑगस्ट 2022 मध्ये ती मॅच कायमची रद्द केली. अधिकाऱ्यांचं काम चूक नव्हतं, पण ते खेळाडू हॉटेलात असतानाच करायला हवं होतं.

प्रश्न : मी नववीत आहे, शाळेच्या टीममध्ये गोलकीपर आहे. आपल्या त्या टीममधल्या ताईंचं पुढे काय झालं? (एक विद्यार्थिनी, इचलकरंजी)

तुझं पत्र वाचून फार छान वाटलं गं. त्या टीममधली मनीषा कल्याण त्याच वर्षी सायप्रसच्या क्लबमध्ये गेली आणि महिलांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये खेळणारी पहिली भारतीय झाली. आणि 5 जुलै 2025 ला आपल्या टीमने थायलंडमध्ये जाऊन थायलंडलाच 2-1 ने हरवलं, दोन्ही गोल संगीता बासफोरचे, आणि 2026 च्या एशियन कपची जागा मिळवली. 2022 ला आपण यजमान म्हणून आत होतो, क्वालिफायर खेळून एशियन कपला पोचायची ही आपली पहिलीच वेळ. त्या मॅचचे हायलाइट्स नेटवर आहेत, प्रॅक्टिसनंतर सगळ्या मैत्रिणींना घेऊन बघ आणि तुमच्या टीमबद्दल पुन्हा लिही.