चेहरा हलू दे

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेल्या फोटोंतला खिडकीशी बसलेल्या तुझ्या मावसबहिणीचा फोटो मला मनापासून आवडला. बाकीच्यांतला ब्लर नंतर कंप्युटरवर चढवलेला आहे आणि तो तसा कळतो. कॅमेऱ्यासमोर बसलं की माणूस कसा अवघडतो, स्वतःचेच हात त्याला कसे परके वाटू लागतात, हे तुला दाखवायचं होतं. दिसतंय मात्र एवढंच, की कुणीतरी कुणाचा तरी चेहरा झाकला.

आपल्याकडे धूसर केलेला चेहरा लोक रोज बघतात, पण तो बातमीत. पीडितेचा, अल्पवयीन मुलाचा, कधी संशयिताचा. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख उघड करायला कायद्यानं मनाई आहे, तिथे चेहरा झाकायलाच हवा. पण तीच नजर घेऊन लोक तुझ्या फोटोसमोर उभे राहतात. सगळा चेहरा एकसारखा पुसलेला दिसला की त्यांच्या मनात पहिला प्रश्न येतो, हिच्यावर काय ओढवलं असेल? तुझ्या आत्याचा संकोच त्यांच्यापर्यंत पोचतच नाही.

आता मावसबहिणीचा फोटो पुन्हा काढून बघ. खुर्चीची पाठ, गज, खिडकीतली कुंडी सगळं लख्ख आहे. तिचे खांदेही बऱ्यापैकी स्थिर आहेत. हललीय ती फक्त हनुवटी आणि ओढणी सारखी करायला वर गेलेला हात. तो हात का वर गेला, हे बघणाऱ्याला आपोआप कळतं, कारण आपण सगळेच ते करतो. इथला ब्लर तिचा स्वतःचा आहे, तो तिच्या अंगातून आलाय. माझं सगळं सांगणं या एका गोष्टीपाशी येतं : ब्लर तू घालू नकोस, समोरच्या माणसाकडून येऊ दे आणि तो टिपता येईल एवढा वेळ शटर, म्हणजे कॅमेऱ्यात प्रकाश सोडणारा पडदा, उघडं ठेव.

फोटोग्राफीच्या सुरुवातीच्या काळात नेमकं उलट चालायचं. डगेरोटाइप ही धातूच्या प्लेटवर फोटो काढायची सुरुवातीची पद्धत. तिच्या स्टुडिओत माणसाच्या मानेमागे लोखंडी आधार असायचा. डोकं त्यात अडकवून बसायचं आणि प्लेटवर चित्र उमटेपर्यंत हलायचं नाही. त्या काळातले चेहरे एवढे करारी दिसतात त्यामागे हेही एक कारण आहे. चुळबुळ, घसा खाकरणं, नजर चोरणं हे सगळं त्या आधारानं दाबून टाकलं. ती पद्धत काढणाऱ्या डगेरनं १८३८ मध्ये वरून टिपलेला पॅरिसचा एक रस्ता तू वर्गात पाहिला असशील. रस्ता वाहता होता, पण एक्स्पोजर, म्हणजे प्रकाश आत येऊ देण्याचा वेळ, काही मिनिटांचं असल्यामुळे चालती माणसं, गाड्या काहीच उमटलं नाही. बूट पॉलिश करून घ्यायला थांबलेला एक माणूस तेवढा राहिला. लाँग एक्स्पोजरचा हा स्वभाव नीट समजून घे. जे स्थिर राहिलं ते उमटतं, जे घुटमळलं ते विरळ होतं, जे निघून गेलं ते उरतच नाही. संकोचलेल्या माणसात या तिन्ही गोष्टी एकाच वेळी चाललेल्या असतात.

फ्रान्सेस्का वुडमन या अमेरिकन फोटोग्राफरचं काम तू पाहिलंयस असं लिहिलंस. पुन्हा बघ, पण या वेळी तिचं आयुष्य बाजूला ठेवून. ती १९८१ मध्ये, २२व्या वर्षी गेली. तेव्हापासून लोक तिच्या प्रत्येक हललेल्या फोटोत तिचा मृत्यूच शोधतात. मला ते तिच्यावर अन्यायाचं वाटतं. एक अत्यंत मेहनती विद्यार्थिनी अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरातल्या पडक्या घरात कॅमेरा लावून, स्वतःलाच मॉडेल करून, किती हललं की काय उरतं हे तपासत होती. त्या फोटोंत स्पष्ट काय आहे ते पाहा. पोपडे आलेली भिंत, जमिनीवरचा कचरा, खिडकीची चौकट. घर पक्कं आहे, त्यातली मुलगी तेवढी निसटतेय. घरही धूसर असतं तर तो नुसता बिघडलेला फोटो झाला असता. तेव्हा ट्रायपॉड सोडू नकोस. तुझा हात हलला तर सगळी फ्रेमच हलते आणि मग अवघडलेली तू की समोरचा माणूस, हे कळायला मार्ग उरत नाही.

तांत्रिक बाब थोडक्यात सांगते. चांगल्या उजेडाच्या खिडकीजवळ आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता) १०० आणि एफ १६ (भिंगाचं छिद्र बारीक) ठेवलंस तर साधारण एक सेकंदाचं एक्स्पोजर मिळतं. सुरुवात तिथून कर. १/१५ सेकंदाला चेहरा जेमतेम हलतो आणि बघणाऱ्याला ती चूक वाटते. अर्धा ते दोन सेकंद हा माझ्या मते सगळ्यात बोलका टप्पा आहे. त्याहून लांबलं की चेहरा रिकामा होत जातो आणि भुताटकीचा भास होतो. तो मोह आवर. अंगणात सावलीत काम करायचं असेल तर त्याच सेटिंगला शटर १/१५च्या आसपास येतं, तेव्हा आठपट प्रकाश कापणारा एनडी फिल्टर लाव म्हणजे अर्धा सेकंद हाती येईल. कॅमेऱ्याचं हादरे सावरणारं स्टॅबिलायझेशन बंद कर आणि बटण बोटानं दाबण्याऐवजी रिमोट वापर. पापणी लवण्याची काळजी करू नकोस. ती सेकंदाच्या अंशात लवते, तेवढ्यानं उघडे डोळे पुसले जात नाहीत. डोकं स्थिर आणि हात अस्वस्थ असा एखादा क्षण लाभला तर नजर रोखलेली राहते आणि खाली हातांचा नुसता धूर होतो. असा फोटो मिळाला की तो जपून ठेव.

फोकस घालवून केलेला ब्लर हा वेगळा मार्ग आहे आणि त्याचा अर्थही वेगळा. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन ही एकोणिसाव्या शतकातली फोटोग्राफर कलकत्त्यात जन्मली. १८६३ मध्ये, ४८व्या वर्षी, मुलीनं आणि जावयानं तिला कॅमेरा भेट दिला तेव्हा ती इंग्लंडमधल्या आइल ऑफ वाइटवर राहत होती. फोकस करता करता जिथे चित्र सुंदर वाटेल तिथेच ती थांबायची, पुढे भिंग फिरवून आणखी रेखीव करायला जायची नाही. त्या काळच्या जाणकारांनी तिला गबाळी ठरवलं. तिनं मात्र १८६४ मध्ये जॉन हर्शेल या शास्त्रज्ञ मित्राला लिहिलेल्या पत्रात विचारलं, की योग्य फोकस कुठला हे ठरवण्याचा अधिकार कुणाला आहे? तो प्रश्न मला आजही ताजा वाटतो. पुढे १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला, एड्सनं न्यूयॉर्कमधली कितीतरी माणसं नेली त्या काळात, बिल जेकबसन या फोटोग्राफरनं फिकट, फोकसबाहेरची पोर्ट्रेट्स केली. समोरचा माणूस आहे, पण हातातून जातोय, असं ती बघताना वाटत राहतं.

तुझ्या विषयासाठी यातली एक युक्ती कर. अॅपर्चर, म्हणजे भिंगाचं छिद्र, मोठं ठेव, एफ १.८ किंवा २.८ (आकडा लहान तेवढं छिद्र मोठं), माणसाला भिंतीपासून चांगलं पुढे बसव आणि फोकस मागच्या भिंतीवर घे. भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येईल, माणूस मात्र विरघळलेला. आपल्याच घरात आपण पाहुण्यासारखे बसलोय, ही भावना त्यातून येते. फोनचा पोर्ट्रेट मोड याच्या बरोबर उलट वागतो, चेहरा कोरतो आणि भोवतालचं घर पुसून टाकतो. तो तुझ्या कामाचा नाही. कंप्युटरवरच्या ब्लरबद्दल वर बोललेच. लेन्सच्या ब्लरमध्ये डोळ्यातला चमकदार ठिपका गोल चकतीसारखा पसरतो, हालचालीच्या ब्लरला दिशा असते. सरसकट फिरवलेल्या सॉफ्टवेअरच्या ब्लरमध्ये यातलं काहीच नसतं.

आता समोर बसणाऱ्या माणसाविषयी. तू लिहितेस, आई कॅमेरा पाहिला की ताठ होते. आईला विचार, तिचा पहिला ‘नीट काढलेला’ फोटो कुठला? त्या पिढीतल्या कितीतरी बायकांचं उत्तर एकच येईल, स्थळासाठी काढलेला. स्टुडिओतला पडदा, उसना हार, पदर असा घे, मान थोडी खाली, रंग उजळ यायला हवा. पत्रिकेसोबत तो फोटो अनोळखी घरांत फिरला, हातोहाती पाहिला गेला, कधी परत आला. कॅमेऱ्यासमोर बसणं म्हणजे कुणाच्या तरी पसंतीला उतरणं, हे तिच्या अंगात तेव्हाच मुरलं. तो ताठपणा मोडायला जाऊ नकोस. ‘आई, सहज बस ना’ असं म्हणालीस की ती आणखी आक्रसेल. त्यापेक्षा तिला त्या फोटोविषयी बोलतं कर, आणि ती बोलत असताना शटर सोड. साडी कुठली होती, सोबत कोण आलं होतं, फोटोवाला काय म्हणाला, हे आठवताना तिचे हात आपोआप पदराकडे जातील. सांगताना ती हसेलही. त्या दोन सेकंदांत तेव्हाची मुलगी आणि आत्ताची आई दोघी उमटू शकतात.

त्याआधी स्वतःचे फोटो काढ. ट्रायपॉडवर कॅमेरा लावून, टायमर ठेवून, लेन्सकडे बघत बस. बटण दाबून खुर्चीपर्यंत येताना, बसताना, केस मागे सारताना शटर उघडं असू दे. आपण कुठे अंग चोरतो ते स्वतःच्या फोटोत पाहिलंस की दुसऱ्याच्या शरीरातलं तेच तुला लगेच ओळखू येईल, आणि तू त्याच्याशी मृदू वागशील. मृदूपणा इथे फार लागतो गं. कुणाचं अवघडलेपण टिपायचं म्हणजे त्याची दुखरी जागा उघडी करायची. म्हणून प्रत्येक फोटो ज्याचा आहे त्याला आधी दाखव, छापील दाखव, आणि तो नको म्हणाला तर निमूट बाजूला ठेव. चेहरा ओळखू येत नाही म्हणून परवानगी लागत नाही, असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. घरचे लोक नुसत्या खांद्यावरून माणूस ओळखतात.

दिवाळीत येशील तेव्हा आईचे सगळे फ्रेम्स घेऊन ये, निवडलेले नकोत. लख्ख आलेले, बिघडलेले, तिनं नको म्हटलेले सोडून बाकी सगळे. पोस्टकार्डाएवढे प्रिंट पुरेत. टेबलावर मांडून बसू आणि प्रत्येकात काय स्थिर राहिलंय ते आधी बघू.

तुझी,
ताई