सातव्या महिन्यात बीपी वाढलं, दिसायला तर स्वच्छ दिसतंय, मग डोळे तपासायला का पाठवतात?

ताई, तुम्ही लिहिलंय की सातवा महिना चालू आहे, बीपी १४६/९४ निघालं, गोळी सुरू झाली आणि वर डोळ्याचा पडदा तपासून आणायला सांगितलंय. डोळ्यात ड्रॉप्स घालायला सासूबाईंची ना आहे. मी कोल्हापुरात डोळ्यांच्या दवाखान्यात ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे नंबर आणि नजर तपासणारा, आहे. तुमच्यासारख्या चिठ्ठ्या घेऊन बायका रोज येतात आणि बहुतेकींचा हाच प्रश्न असतो.

ही तपासणी नजरेची नाही, रक्तवाहिन्यांची आहे. कुठेही न कापता चालू रक्तवाहिनी नुसती बघता येईल अशी शरीरात एकच सोयीची जागा आहे, ती म्हणजे डोळ्याचा पडदा.

गरोदरपणात रक्ताचं प्रमाण जवळजवळ ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं. तरी अंगभर रक्तवाहिन्या सैल पडतात, त्यामुळे मधल्या महिन्यांत बीपी उलट थोडं उतरतं. पडद्याच्या वाहिन्या आपला प्रवाह आपणच सांभाळतात, म्हणून सगळं सुरळीत असेल तर पडदा आधी होता तसाच दिसतो. २० आठवड्यांनंतर बीपी १४०/९० किंवा त्याच्या वर गेलं आणि लघवीतून प्रोटीन जायला लागलं, की डॉक्टरांना प्रीएक्लॅम्प्सियाची, म्हणजे गरोदरपणातल्या बीपीच्या गंभीर आजाराची, शंका येते. त्यात वाहिन्या आवळतात. भिंगातून बघताना शुद्ध रक्ताची वाहिनी फिकट लाल आणि शेजारची शीर गडद, जरा जाड दिसते. जाडी साधारण दोनास तीन. आवळलेली वाहिनी सुतासारखी बारीक होते, कधी एखाद्याच ठिकाणी चिमटा बसल्यागत.

त्याहून जास्त बिघडलं तर पडद्यामागच्या थराचा रक्तपुरवठा कमी पडतो, पाणी साठतं आणि पडदा उचलला जातो. ऐकून पोटात गोळा येतो, पण बाळंतपणानंतर काही आठवड्यांत तो बहुधा आपोआप बसतो, ऑपरेशन लागत नाही. कधी डोळा अगदी ठणठणीत असतो आणि सूज मेंदूच्या बघण्याच्या भागात असते. म्हणून आमचा रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला तरी बीपीची गोळी सोडायची नाही. हे मी प्रत्येकीला दोनदा सांगतो.

मागे एक बाई जावेला घेऊन नंबर वाढलाय म्हणून आल्या. “अक्षरं हलत्यात बघा, आन् डोकं लई दुखतंय.” बोटातली अंगठी सुजेत रुतलेली. नंबर काढायच्या आधी बीपी घेतलं, १७०/११०. त्यांना तिथूनच रिक्षाने सीपीआरला, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात, पाठवलं, सोबत आमचा माणूस दिला. डोळ्यांपुढे काजवे चमकणं, अंधारी, धूसर दिसणं, न थांबणारी डोकेदुखी, छातीखाली पोटात दुखणं, यातलं काही झालं तर चष्म्याच्या दुकानात किंवा माझ्याकडे येऊ नका, रात्र असली तरी थेट बाळंतपणाच्या दवाखान्यात जा. झटके येण्याआधीची ही खूण असू शकते. बाळ झाल्यावरही पहिल्या आठवड्यात बीपी चढतं, तेव्हा माहेरी जाताना फाईल सोबत न्या आणि तिथेही बीपी मोजत राहा.

आता ड्रॉप्स. एकदा तपासणीपुरते घातलेले थेंब साधारणपणे चालतात. मात्र बाहुली मोठी करायला आपल्याकडे सर्रास जे जोड-औषध वापरतात, त्यात फिनाइलेफ्रिन असतं, आणि ते बीपी चढवू शकतं. म्हणून थेंब घालणाऱ्याला आधीच सांगा की दिवस आहेत आणि बीपी वाढलंय. त्यातलंच दुसरं औषध ट्रॉपिकॅमाइड, नुसत्या त्यावर काम भागतं. थेंब घातल्यावर नाकाकडचा डोळ्याचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरा, म्हणजे औषध रक्तात कमी जातं. सासूबाईंना एवढं सांगितलंत तर बहुतेक पटेल. ओसीटी, म्हणजे पडद्याचा स्कॅन, सांगितला तर त्याला रंग टोचावा लागत नाही. रंग टोचून काढायचे फोटो या काळात शक्यतो टाळतात.

शुगर दिवस राहण्याआधीपासून असेल तर गोष्ट वेगळी. मग पहिल्या तीन महिन्यांत पडदा बघायचा आणि पुढे दर तीन महिन्यांनी, कारण जुना मधुमेही पडदा या काळात झपाट्याने बिघडू शकतो. लेसर करता येतो, डोळ्यातली इंजेक्शनं सहसा पुढे ढकलतात. फक्त गरोदरपणातच शुगर निघाली असेल तर एवढ्या फेऱ्या लागत नाहीत.

नवीन चष्मा आत्ता करू नका. बुबुळावर थोडी सूज असते, नंबर हलतो; बाळंतपणानंतर काही आठवडे जाऊ द्या. तपासणीला कुणाला तरी बरोबर घेऊन या, थेंबांनंतर चार-सहा तास जवळचं दिसत नाही आणि ऊन सोसत नाही, स्कूटी तर नकोच.