उल्केतला ऑक्सिजन मोजताना

निपाणीची पोर उल्केतल्या ऑक्सिजनची समस्थानिकं (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) आयन किरणाच्या यंत्रावर मोजायला निघाली, लई बरं वाटलं बघ! सुरुवातीला एवढंच सांभाळ:

- ऑलिव्हिन (हे एक हिरवट खनिज) मोजायचं तर प्रमाण नमुनाही, म्हणजे ज्याचा आकडा आधीच ठाऊक आहे तो, ऑलिव्हिनचाच घे; अमेरिकेतल्या सॅन कार्लोसचा चालतो. अधूनमधून तो पुन्हा मोज. दोघांतल्या लोहाच्या फरकामुळे आकड्यात करायची दुरुस्ती नंतर बघू.
- पॉलिशचा सराव आपल्या बेळगावकडच्या काळ्या दगडावर कर, उल्का वाया घालवू नको.

आकडा आवडला नाही म्हणून खोडायचा नाही. आयन किरणाने पाडलेला खड्डा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघ. तो भेगेवर पडला असेल तरच आकडा वगळ. यंत्र दाखवतं तेवढीच त्रुटी धरू नको, प्रमाण नमुन्याच्या आकड्यांची पांगापांगही त्यात मिळव. ऑक्सिजन-१७ आणि १८ च्या आलेखात पृथ्वीवरचे खडक साधारण ०.५२ उताराच्या रेषेवर बसतात. प्रमाण नमुनाच तिथून सरकला, तर उल्केबद्दल अजून काही बोलू नको.