गंजावर थेट कोटिंग नको

प्रश्न : पुण्याहून आम्ही वारंवार कोकणात जातो. आमच्या आठ वर्षे जुन्या गाडीच्या सस्पेन्शन आर्मवर (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या धातूच्या दांड्यावर) गंज दिसतो आहे. त्यावर अंडरबॉडी कोटिंग, म्हणजे गाडीच्या तळाला देतात तो डांबरी संरक्षक थर, मारून घ्यावे का?

उत्तर : थेट मुळीच मारू नका. सुटलेल्या पापुद्र्यांवर डांबरी थर बसला, तर समुद्राकाठचे मीठ आणि ओल त्याखाली कोंडून राहते आणि वरून काळाभोर, धडधाकट दिसणारा भाग आतून पोखरत जातो. आधी स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने आर्म ठोकून पाहावा. पत्रा दबला तर तो भाग बदलावाच, कारण कोटिंगने गेलेली ताकद परत येत नाही. नाहीतर तळ गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावा, तारेच्या ब्रशने घासावा, जस्तयुक्त प्रायमर लावावा आणि तो सुकल्यावरच कोटिंग द्यावे. सायलेन्सर, ब्रेक, रबरी बुश (सांध्यांतील रबराचे तुकडे) आणि दारांखालची पाणी निचरण्याची भोके यांवर मात्र ते जाऊ देऊ नये.