डोळ्यातला घड

पोरा, रविवारी उपासनेनंतर शरणपूर रोडला तू विचारलंस, "काका, देव आहे कुठे?" तेवढ्यात तुझी बस आली. म्हणून लिहितोय.

"देवाची इच्छा" असं तोंडावर फेकणाऱ्यांचं मनावर घेऊ नकोस. गारपिटीत माझी द्राक्षबाग झोपली तेव्हा मलाही दोघातिघांनी तेच ऐकवलं. हप्ते काय त्यांचे थकले होते!

बायबलमधली योसेफाची गोष्ट सावकाश वाच. १७ व्या वर्षी भावांनी विकलं, मिसरच्या राजापुढे, फारोपुढे, उभा राहिला ३० व्या वर्षी. तुरुंगात राजाला प्याला देणाऱ्या सेवकाला, प्यालेबरदाराला, म्हणाला, माझी आठवण ठेव. तो पठ्ठ्या दोन वर्षं विसरला! परमेश्वर योसेफाबरोबर होता हे आपण वाचतो. त्याला मात्र तसं कोणी येऊन सांगितल्याचं लिहिलेलं नाही. हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

एप्रिलच्या खरड छाटणीनंतर बाग पाहिलीस ना? वेलीचे नुसते बोडके ओलांडे, म्हणजे आडव्या फांद्या. पुढच्या दीड-दोन महिन्यांत नव्या काडीच्या डोळ्यात, म्हणजे न फुटलेल्या कोंबात, घड ठरतो, आणि दिसतो थेट ऑक्टोबर छाटणीनंतर. घाई असेल तर डोळा कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, पण कापलेला डोळा मग फुटत नाही. तोवर पाणी, खत, शेंडा मारणं चुकवत नाही आपण.

तशी प्रार्थना सोडू नकोस, रागाची का असेना. १३ वं स्तोत्र "किती वेळ" असंच विचारत सुरू होतं.

आणि झोप लागत नसेल तर फोन कर. कर्जाचे कागदही घेऊन ये, बँकेत मी येतो बरोबर.