११ सप्टेंबरचं विमान खरंच स्वस्त असतं का? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

२००१ च्या ११ सप्टेंबरला न्यूयॉर्क, पेंटॅगॉन आणि पेनसिल्व्हेनियात झालेल्या विमानहल्ल्यांना २०२६ मध्ये २५ वर्षं पूर्ण होतात. त्या तारखेच्या आगेमागे अमेरिकेत विमानप्रवास करणाऱ्या वाचकांनी तिकिटांबद्दल विचारलेले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

‘११ सप्टेंबरला लोक विमानात बसायला घाबरतात, म्हणून त्या दिवशीचं तिकीट सगळ्यात स्वस्त,’ असं आमचे जावई सांगतात. यात तथ्य आहे का?

२००२ साली, पहिल्या स्मृतिदिनाला, पुरेपूर होतं. त्या वर्षी ११ सप्टेंबर बुधवारी आला होता. बुकिंग इतकं थंड होतं की अमेरिकी कंपन्यांनी, आणि अटलांटिक ओलांडणाऱ्या काही युरोपीय कंपन्यांनीही, त्या दिवसाची बरीच उड्डाणं आधीच कमी करून टाकली. फ्लोरिडाच्या स्पिरिट एअरलाइन्सने तर त्या दिवसाच्या सगळ्या जागा, म्हणजे तेरा हजारांवर तिकिटं, फुकट वाटायचं जाहीर केलं आणि लोकांची त्यावर झुंबड उडाली. आदल्याच दिवशी सरकारने दहशतवादी हल्ल्याच्या धोक्याची, रंगांनी दाखवली जाणारी पातळी पहिल्यांदा नारिंगीवर, म्हणजे वरून दुसऱ्या पायरीवर, नेली होती. त्यामुळे ज्यांची तिकिटं आधीची होती, त्यांच्याही मनात धाकधूक होती.

आज ती भीती भाड्यात दिसत नाही. तरीही त्या आठवड्यात तिकिटं स्वस्त दिसतात, आणि जावईबापूंची गल्लत तिथेच होते. सप्टेंबरचा पहिला सोमवार म्हणजे लेबर डे. तो उलटला की उन्हाळी सुट्टी संपते, शाळा सुरू असतात, कुटुंबं घरी परततात आणि भाडी उतरतात. ती ९ तारखेलाही उतरलेली असतात आणि १६ तारखेलाही. स्वतः पडताळून पाहायचं असेल तर एकच मार्ग आणि एकच वेळ घ्या. २०२६ च्या ११ सप्टेंबरच्या शुक्रवारचं भाडं १८ आणि २५ सप्टेंबरच्या शुक्रवारांशी ताडून बघा. शुक्रवारची तुलना बुधवारशी केलीत तर फरक वाराचा निघेल आणि तुम्ही तो तारखेच्या नावावर मांडाल.

लोक घाबरले होते तर कंपन्यांनी भाडं आणखी पाडायचं. उड्डाणंच का रद्द केली?

घाबरलेल्या माणसाला भाड्याची सूट हलवत नाही, म्हणून. ज्याला त्या दिवशी बसायचंच नाही, तो १५० डॉलरला बसत नाही आणि ९० लाही बसत नाही. कामानिमित्त फिरणारा माणूस मीटिंग एक दिवस पुढेमागे करतो. म्हणजे ११ ची मागणी नाहीशी होत नाही, १० आणि १२ तारखेकडे सरकते. ११ ला भाडं पाडून जे ग्राहक येतात, त्यातले बरेचसे असेही १० किंवा १२ ला पूर्ण पैसे देऊन गेले असते. कंपनीला ते दुहेरी नुकसान.

रद्द करायचं तर तेही हवं तसं करता येत नाही. संध्याकाळी शिकागोला असायला हवं ते विमान सकाळी बोस्टनला अडकून चालत नाही, म्हणून जाण्याची आणि येण्याची फेरी जोडीनेच काढतात. दिवसाला आठ फेऱ्या असलेल्या मार्गावर दोन काढल्या की उरलेल्या सहा बऱ्यापैकी भरतात. इंधन वाचतं, उतरण्याचं शुल्क वाचतं. ज्या गावाला दिवसाकाठी एकच विमान जातं तिथे मात्र काढायला जागा नसते, ते अर्धं रिकामं गेलं तरी जातं. त्यामुळे २००२ मध्ये गर्दीच्या मोठ्या मार्गांवर कपात करणं सोपं होतं.

एक गोष्ट इथे वेगळी काढायला हवी. हल्ल्यानंतर मागणी घटली ती केवळ भीतीने नाही. जवळच्या अंतरावर विमानाचा वेळेचा फायदा सुरक्षा तपासणीच्या रांगेत संपू लागला, आणि न्यूयॉर्क–वॉशिंग्टन, न्यूयॉर्क–बोस्टन अशा मार्गांवरचे प्रवासी मोटारीकडे आणि रेल्वेकडे, म्हणजे अ‍ॅमट्रॅककडे वळले. २००२ च्या अखेरीस चेक-इन केलेल्या सगळ्या सामानाची तपासणी सक्तीची झाली. कॉर्नेल विद्यापीठातल्या अर्थतज्ज्ञांच्या हिशोबाने त्या एका बदलामुळे प्रवासी सुमारे ६ टक्क्यांनी घटले. भीती ओसरत गेली, रांगेचा त्रास राहिला.

मी न्यू जर्सीत मुलीकडे राहते. ११ तारखेला शिकागोला जायचं आहे. मन धजत नाही. त्यापेक्षा गाडीने गेलेलं बरं, असं वाटतं. तुमचं मत?

काकू, ती तारीख मनात रुतून बसली असेल तर त्यात कमीपणाचं काही नाही. पण गाडी हा सुरक्षित पर्याय आहे असं समजून मात्र निघू नका. हल्ल्यांनंतरच्या वर्षभरात असंख्य अमेरिकी लोकांनी विमान सोडून मोटार धरली. जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगरेंझर यांनी त्या काळातले रस्ते अपघातांचे आकडे तपासले. त्यांच्या अंदाजाने नेहमीपेक्षा सुमारे दीड हजार माणसं जास्त दगावली. ती विमान टाळायला म्हणून रस्त्यावर आली होती. हल्ल्यातल्या मृतांसारखं त्यांच्या नावांचं कुठे वाचन होत नाही, म्हणून हा आकडा इथे मुद्दाम देत आहोत.

नेवार्क ते शिकागो जवळजवळ ८०० मैल आहे. न थांबता गाडी हाकली तरी बारा-तेरा तास, त्यातले बरेच मोठ्या ट्रक्सच्या सोबतीने. विमानाने अडीच तासांच्या आसपास. तारीख नकोशीच असेल तर ९ सप्टेंबरच्या बुधवारी जा. आठवड्याच्या मध्यावर भाडंही बहुधा कमी असतं, आणि सकाळचं पहिलं विमान घेतलंत तर दिवसभराचा उशीर तुमच्या वाट्याला यायच्या आत तुम्ही पोचलेल्या असाल.

पंचविसावं वर्ष म्हणून न्यूयॉर्कची तिकिटं महागतील का?

महागण्याची शक्यता आहे, पण कारण वेगळं. २०२६ मध्ये ज्यूंचं नववर्ष, रोश हशाना, नेमकं ११ सप्टेंबरच्या संध्याकाळी सुरू होतं. न्यूयॉर्कच्या परिसरात ज्यू वस्ती मोठी आहे आणि सण सूर्यास्ताला लागत असल्यामुळे गुरुवार संध्याकाळ आणि शुक्रवार दुपारपर्यंतच्या विमानांना मागणी राहणार. त्यात शुक्रवार हा मुळातच महागडा वार. यूएस ओपन टेनिसचे शेवटचे दिवसही त्याच सुमारास असतात.

तेव्हा न्यूयॉर्कला जायचं असेल तर शोधताना केनेडी, ला गार्डिया आणि नेवार्क हे तिन्ही विमानतळ एकत्र टाका. सर्चच्या खिडकीत एनवायसी हा शहराचा कोड दिला की तिन्ही येतात. शुक्रवारी रात्री उशिराची किंवा शनिवारी सकाळची विमानं वेगळी बघा, सण लागल्यानंतर ती मागणी सैल पडते. आणि स्मृतिस्थळी जायचा बेत असेल तर हे ध्यानात ठेवा की ११ ला सकाळी तो चौक मृतांच्या कुटुंबीयांसाठी राखलेला असतो. ८:४६ ला, पहिलं विमान धडकलं त्या क्षणी, पहिली स्तब्धता पाळली जाते आणि नावांचं वाचन दुपारपर्यंत चालतं. इतरांनी त्या सकाळी तिथे पोचायची धडपड करू नये. दुपारनंतर किंवा दुसऱ्या दिवशी जावं.

एकटीसाठी शोधलं तर १४९ डॉलर, पाच जणांसाठी शोधलं तर माणशी १९९. ही फसवणूक नाही का?

फसवणूक नाही, पण यातून सुटायची वाट आहे. एकाच इकॉनॉमी केबिनमधल्या जागा कंपनी वेगवेगळ्या भाड्यांच्या कप्प्यांत विभागून ठेवते. प्रत्येक कप्प्याला एक इंग्रजी अक्षर असतं. स्वस्त कप्प्यात तीनच जागा उरल्या असतील आणि तुम्ही पाच मागितल्या, तर संगणक तीन स्वस्त आणि दोन महाग असं तोडून देत नाही. पाचही जागा सापडतील असा वरचा कप्पा तो सगळ्यांना लावतो.

म्हणून आधी एका माणसासाठी शोधा, मग दोन, मग तीन. ज्या आकड्याला भाडं उडी मारतं, त्याच्या अलीकडे स्वस्त कप्पा संपला. तुमच्या उदाहरणात तो तीनला संपत असेल तर पाच एकत्र ९९५ डॉलर पडतात. तीन आणि दोन अशी दोन बुकिंग केलीत तर ४४७ अधिक ३९८, म्हणजे ८४५. दीडशे वाचले. दोन खिडक्या उघडून पैसे भरण्याच्या पायरीपर्यंत दोन्ही बुकिंग न्या, अंतिम रक्कम बघा आणि लगोलग दोन्ही पूर्ण करा.

तोटा असा की पीएनआर दोन होतात. विमान रद्द झालं तर संगणक दोन्ही पीएनआर वेगवेगळ्या विमानांत टाकू शकतो. फोन करून दोन्ही बुकिंगवर एकमेकांच्या पीएनआरची नोंद करून घ्या. मूल आणि त्याच्यासोबतचं मोठं माणूस कधीही वेगळ्या पीएनआरवर ठेवू नका. पन्नास-साठ डॉलर वाचणार असतील तर हा खटाटोप करूही नये.

तिकिटावर ‘सप्टेंबर ११ सिक्युरिटी फी’ दिसते. हा स्मारकासाठीचा निधी आहे का? आणि फक्त सप्टेंबरात लागतो का?

नाही आणि नाही. ही सुरक्षा तपासणीसाठीची फी आहे, वर्षभर लागते आणि नाव तेवढं त्या दिवसाचं आहे. २००२ च्या फेब्रुवारीत प्रत्येक वेळी विमानात चढताना अडीच डॉलर अशी ती सुरू झाली. २०१४ पासून एकेरी प्रवासाला ५.६० आणि जाऊन-येऊन जास्तीत जास्त ११.२० डॉलर आहे. मधे विमान बदललं तरी ती वाढत नाही. एकेरी तिकिटावर देशांतर्गत लेओव्हर, म्हणजे मधला थांबा, चार तासांपेक्षा लांबला तर मात्र पुढचा टप्पा नवा प्रवास धरला जातो आणि आणखी ५.६० लागतात.

खरी वाढ दुसरीकडे होते. समजा मूळ भाडं जाऊन-येऊन २०० डॉलर आहे. साडेसात टक्के केंद्रीय कर म्हणजे १५. प्रत्येक उड्डाणाला साधारण ५ डॉलरचा वेगळा कर आणि विमानतळाची ४.५० पर्यंतची फी. नॉन-स्टॉप गेलात तर १५, १०, ९ आणि ११.२० मिळून ४५.२०. दोन्ही वेळा एकेक विमान बदललंत तर १५, २०, १८ आणि ११.२० मिळून ६४.२०. मूळ भाडं तेच असताना कनेक्शनचं तिकीट करांमुळेच जवळजवळ १९ डॉलरने चढलं. जाहिरातीतल्या भाड्यात हे कर धरूनच दाखवावे लागतात, त्यामुळे फरक डोळ्यांवर येत नाही.

तिकीट आत्ता काढलं आणि भाडं नंतर उतरलं, किंवा जाणंच रद्द झालं तर?

पहिले २४ तास तुमचे आहेत. उड्डाणाला सात दिवस किंवा अधिक असतील आणि तिकीट थेट विमान कंपनीकडून काढलं असेल, तर २४ तासांत दंडाशिवाय पूर्ण पैसे परत मिळतात, किंवा कंपनी न भरता २४ तास तिकीट धरून ठेवते. बेसिक इकॉनॉमी या सगळ्यात स्वस्त, कमी सोयींच्या तिकिटालाही हे लागू आहे. बुकिंग एजन्सीच्या साइटला हा सरकारी नियम लागू नाही, तिच्या स्वतःच्या अटी वाचा.

त्यानंतर भाडं उतरलं तर बड्या कंपन्यांच्या बेसिक इकॉनॉमी सोडून बाकीच्या तिकिटांवर ‘चेंज फ्लाइट’मध्ये जाऊन तेच विमान पुन्हा निवडा. फरक क्रेडिट म्हणून मिळतो. रोख नाही, आणि क्रेडिटला मुदत असते. ती तारीख त्याच दिवशी लिहून ठेवा.

कंपनीनेच विमान रद्द केलं, किंवा देशांतर्गत उड्डाण तीन तास आणि आंतरराष्ट्रीय सहा तास वा अधिक लांबवलं, आणि तुम्ही पर्याय नाकारलात, तर पैसे परत मिळायला हवेत. क्रेडिट कार्डावर कामाच्या सात दिवसांत, बाकी प्रकारांत वीस दिवसांत. व्हाउचर पुढे केलं तर ‘रिफंड हवा’ असं स्पष्ट सांगा. एकदा व्हाउचर स्वीकारलंत की हक्क गेला.

आणि ११ सप्टेंबरच्या प्रवासाला खरा धोका असतो तो वादळाचा. अटलांटिकच्या चक्रीवादळांचा हंगाम १० सप्टेंबरच्या आसपास शिगेला पोचतो. फ्लोरिडा, कॅरिबियन किंवा मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्याला जाणार असाल तर विमा तिकिटासोबतच काढा. वादळाला नाव पडल्यावर काढलेला विमा त्या वादळासाठी काही देत नाही.

नातेवाइकांच्या स्मृतिदिनाला जाणाऱ्यांना सवलतीचं भाडं मिळतं का?

वर्षश्राद्धाला किंवा स्मृतिदिनाला नाही. नुकतंच कुणी गेलं असेल किंवा अत्यवस्थ असेल तर डेल्टासारख्या काही कंपन्या जवळच्या नातेवाइकांना वेगळं भाडं देतात. ते वेबसाइटवर दिसत नाही, फोन करावा लागतो. मृताचं नाव, तुमचं नातं आणि अंत्यविधी गृहाचा किंवा हॉस्पिटलचा तपशील हाताशी ठेवा. फोन करण्याआधी वेबसाइटवरचं सगळ्यात स्वस्त भाडं बघून घ्या. पुष्कळदा ते या सवलतीपेक्षा कमी निघतं. सवलतीच्या तिकिटाचा फायदा तारीख बदलण्याच्या मोकळीकीत असतो, आणि परत कधी निघता येईल हे ठरलेलं नसेल तर तेच घ्यावं.